ऊब हवी, पण तरंगायचं नाही

गेल्या काही महिन्यांत तीन अगदी वेगवेगळ्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला. मालवणकडचे एक निवृत्त सुभेदार, जे आता डायव्हिंगच्या बोटीवर काम करतात. माझ्या कोर्समेटची मुलगी, जी अंदमानात स्कूबा शिकते आहे. आणि पूरमदतीच्या पथकासाठी सामानाची यादी करायला बसलेले एक जेसीओ. सुभेदार म्हणाले, "साहेब, आता पन्नाशी उलटली, तिसऱ्या फेरीला दात वाजतात. गरम सूट सांगा, पण असा सांगा की कमरेला आणखी शिसं बांधावं लागणार नाही." मुलीचं म्हणणं, "काका, जाड सूट घातला की मी बुडतच नाही!" जेसीओ साहेबांना फक्त यादीत किती मिलीमीटर लिहायचं ते हवं होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जाडी हा या प्रश्नातला सगळ्यात शेवटी ठरवायचा आकडा आहे, आणि आपण नेमकी तिथूनच सुरुवात करतो. आधी सूट अंगाला बसतो का हे बघा, मग डोकं आणि छाती झाका, मग पाण्याबाहेरच्या वेळेचा विचार करा. एवढं करूनही थंडी वाजली तर मिलीमीटर वाढवा. आणि वाढवाल तेव्हा शिसं वाढणार हे मान्य करून वाढवा. "भरपूर गरम, पण अजिबात न तरंगणारा" असा जाड निओप्रीनचा सूट कोणी विकत असेल, तर तो एक तर गरम नसतो किंवा तरंगतो.

असं का, हे समजून घेण्यासाठी थोडं शाळेतलं विज्ञान उजळावं लागेल. घाबरू नका, एनडीएत फिजिक्सच्या तासाला डुलक्या काढणाऱ्यांनाही समजेल इतकंच सांगतो.

पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. म्हणून २७-२८ अंशांची हवा आपल्याला सुखद वाटते, पण तेवढ्याच तापमानाच्या समुद्रात तासाभराने अंगावर काटा येतो. वेटसूट नावाप्रमाणे ओलाच असतो. आत पाणी शिरतं, अंगाच्या उष्णतेने कोमट होतं आणि तेच आपल्याला ऊब देतं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ते पाणी फक्त जागेवर थांबायला हवं. ऊब देण्याचं काम करतात निओप्रीनच्या रबरात अडकलेले वायूचे लाखो बारीक बुडबुडे. १९५१-५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी विचार करत होते, तेव्हा त्यांनी हीच गोष्ट हेरली. ऊब साहित्यातल्या वायूमुळे मिळणार असेल, तर माणूस कोरडा राहिलाच पाहिजे असं नाही. वेटसूटचा जन्म या विचारातून झाला.

आता गंमत बघा. जो वायू ऊब देतो, तोच वायू वर उचलतो. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत की एक घ्यावी आणि दुसरी दुकानदाराला परत करावी.

ढोबळ हिशेब करू. मध्यम अंगाच्या माणसाला फुल सूटने सुमारे १.६ चौरस मीटर अंग झाकलं जातं असं धरा. ५ मिलीमीटर जाडीने गुणलं की ८ लिटर साहित्य झालं. त्याचं वजन दोन किलोंच्या आतबाहेर. म्हणजे पाण्यात हा सूट सहा किलोंच्या आसपास जोर लावून वर ओढणार. ३ मिलीमीटरचा सूट याच हिशेबाने साडेतीन किलोंच्या आसपास, आणि ७ चा आठ-साडेआठ किलो. तीनवरून सातवर गेलात की कमरेला जवळपास पाच किलो जास्त शिसं आलं. माणसामाणसाच्या अंगलटीप्रमाणे आणि साहित्याप्रमाणे हे आकडे हलतील, पण प्रमाण हेच राहील.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी जाहिरातीत कधीच नसते. खाली गेल्यावर दाब वाढतो आणि बुडबुडे आवळतात. समुद्रात १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे वायू निम्मा. २० मीटरवर एक तृतीयांश, ३० वर एक चतुर्थांश. रबर थोडा प्रतिकार करतं ते सोडून द्या, पण कागदावर ५ मिलीमीटरचा सूट १० मीटरवर तीनचा उरतो आणि २० मीटरवर सव्वादोन-अडीचचा. तुम्ही पैसे दिले पाचचे, आणि जिथे थंडी जास्त तिथे अंगावर आहे अडीचचा! वरून सहा किलो उचलणारा तोच सूट खाली जेमतेम दोन किलो उचलतो. मग पृष्ठभागावर बुडण्यासाठी बांधलेलं शिसं खाली ओझं होतं. ते सांभाळायला जॅकेटमध्ये हवा भरावी लागते. वर येताना ती हवा फुगते, सूटही फुगतो, आणि दोन्हीकडे एकदम लक्ष ठेवावं लागतं. नवखा माणूस नेमका इथे गडबडतो.

ध्यानात घ्या, सगळ्यात मोठा बदल पहिल्या दहा मीटरांत होतो. दहा ते वीस मीटरांत सूट जेवढा आवळतो, त्याच्या तिप्पट तो शून्य ते दहामध्ये आवळतो. म्हणून "आम्ही काय, सहा-सात मीटरच खाली जातो" असं म्हणणाऱ्याने निश्चिंत राहू नये. पुलाच्या खांबापाशी, धरणाच्या दरवाजापाशी किंवा विहिरीत शोध घेणारा माणूस याच पट्ट्यात काम करतो, तेही गढूळ पाण्यात, जिथे वर जातोय की खाली हे डोळ्यांना कळत नाही.

फौजेच्या माणसाला आणखी एक वळण लक्षात ठेवावं लागतं, ते उंचीचं. पँगाँगसारखं सरोवर समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटरांच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण साठ टक्के. म्हणजे सूट काठावरच जास्त फुगलेला असतो. दहा मीटर खाली गेलं की समुद्रात दाब दुप्पट होतो, तिथे अडीच पटींहून जास्त होतो. सूट जास्त फुगतो आणि जास्त आवळतो. डिकम्प्रेशनचे तक्तेही तिथे वेगळे लागतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. कोचीला समुद्रात बेतलेलं शिसं डोंगरात तसंच बांधणं चुकीचं, एवढं इथे पुरे. गोड्या पाण्याचाही फरक आहेच. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं. सामानासकट शंभर किलोंचा माणूस समुद्रातून नदीत आला की त्याला साधारण अडीच किलो शिसं कमी लागतं.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, सूट अंगाला बसणं. सैल सूटमध्ये प्रत्येक हालचालीला थंड पाणी आत येतं आणि कोमट झालेलं बाहेर जातं. ७ मिलीमीटरचा सैल सूट ५ च्या नीट बसणाऱ्या सूटपेक्षा थंड असतो, आणि वर दोन किलो शिसं जास्त मागतो. कमरेच्या खळग्यात, काखेत, मानेमागे आणि गुडघ्यांमागे पोकळी राहता कामा नये. दुकानात घालून उठाबशा काढा, हात डोक्यावर न्या, वाकून पायाचा अंगठा धरा. मनगट-घोट्यांच्या कडा चपखल हव्यात. मात्र गळ्याशी आवळ सूट घेऊ नका. मानेवर दाब आला की चक्कर येऊ शकते, आणि पाण्याखाली चक्कर येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. बसणारा सूट हा एकमेव उपाय असा आहे की ज्यात ऊब वाढते आणि तरंगणं एका ग्रॅमनेही वाढत नाही. उलट सुरकुत्यांत अडकणारी हवा कमी होते.

दुसरी गोष्ट, डोकं. अंगातली अर्धी उष्णता डोक्यातून जाते असं आपण भरतीपासून ऐकत आलो. ते खरं नाही, डोक्याचा वाटा साधारण त्याच्या आकाराइतकाच, दहा टक्क्यांच्या आसपास असतो. पण हाता-पायांच्या रक्तवाहिन्या थंडीत आकसतात, टाळूच्या तशा आकसत नाहीत. त्यामुळे उघडं डोकं शेवटपर्यंत उष्णता गमावत राहतं. ५ मिलीमीटरचा हूड पाऊण लिटरहून कमी जागा घेतो, म्हणजे जेमतेम अर्धा किलो जोर. अर्ध्या किलोत एवढी ऊब दुसरं काही देत नाही. तरीही आपल्याकडे हूड घालायला लोक लाजतात. "इथे कशाला, अंदमानात?" असं विचारणाऱ्याला दिवसाची चौथी फेरी करून वर आलेल्या प्रशिक्षकाचे ओठ दाखवावेत.

तिसरी गोष्ट, छाती-पोट. जाडी सगळीकडे सारखी वाटण्याऐवजी ती धडावर ठेवा. ३ मिलीमीटरच्या सूटखाली हूड जोडलेली २ मिलीमीटरची बंडी घातली तर दीडेक किलो जोर वाढतो, पण ऊब मिळते ती थेट हृदय-फुप्फुसांभोवती. इथे एक गैरसमज दूर करतो. थर घातले म्हणून तरंगणं टळत नाही. तीन आणि दोन मिळून पाचच होतात, आर्किमिडीज थर मोजत नाही. थरांचा फायदा एवढाच की लिटर कुठे खर्च करायचे ते तुम्ही ठरवता, आणि दुपारी नको असेल तर बंडी काढून ठेवता. शिवाय पायांवरची जाडी कमी राहिली की पाय वर तरंगत नाहीत आणि अंग पाण्यात आडवं राहतं.

चौथी गोष्ट, न तरंगणारे कापडी सूट. हे खरोखर असतात. बाहेर ताणणारं कापड, मध्ये पातळ पडदा, आत लोकरीसारखा मऊ थर. शार्कस्किन, फोर्थ एलिमेंट, लाव्हाकोअर अशी नावं डायव्हिंगच्या दुकानांत ऐकू येतात. यांत बंद बुडबुडे नसल्याने ते जवळपास ना तरंगतात ना बुडवतात, आणि तीस मीटरवरही तेवढेच राहतात. वाऱ्यात अंग कमी गारठतं, वाळतात लवकर. मग सगळ्यांनी हेच का घेऊ नयेत? कारण त्यांची ऊब मर्यादित आहे. अंदमान, लक्षद्वीप, नेत्राणी, मालवण अशा उबदार समुद्रात रोज काम करणाऱ्याला ते उत्तम. थंड पाण्यात ते आतला थर म्हणून चांगले, एकटे पुरत नाहीत. किंमतही चढी. सुभेदारांना मी हाच सूट आणि त्यावर हूड सुचवला. जेसीओ साहेबांना सुचवला नाही, कारण त्यांची माणसं डोंगरातल्या धरणातही उतरू शकतात.

दाट आणि कमी आवळणारं निओप्रीनही मिळतं. ते खोलवर आपली जाडी टिकवतं, पण कडक आणि जड असतं. व्यावसायिक पाणबुड्यांना त्याचा उपयोग आहे, हौशी माणसाला क्वचित. आणि एक खूण सांगतो. जुना सूट "आता मस्त बुडतो, शिसं कमी लागतं" म्हणून कोणी खूश असेल, तर त्याच्या सूटमधले बुडबुडे मेलेले आहेत. शिसं कमी झालं त्या प्रमाणात ऊबही गेली.

पाचवी गोष्ट पाण्याबाहेरची. दिवसभराच्या कामात माणूस जेवढा पाण्यात गारठतो, त्याहून जास्त बऱ्याचदा बोटीत गारठतो. ओला सूट, त्यावर वारा, दोन फेऱ्यांमध्ये तासभर बसणं. सूटचा वरचा भाग उतरवा, अंग पुसा, कोरडी कानटोपी आणि विंडचीटर घाला, गरम चहा-सूप घ्या. या सगळ्याचं शिसं शून्य ग्रॅम! रमप्रेमी मित्रांची क्षमा मागून सांगतो, रमने ऊब वाटते कारण रक्त कातडीकडे धावतं, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर जाते. ती संध्याकाळी, मेसमध्ये, डायव्हिंग संपल्यावर.

एवढं केल्यावर मिलीमीटरकडे या. पाणी २७ अंशांच्या वर असेल तर ३ मिलीमीटरचा फुल सूट किंवा कापडी सूट बहुतेकांना पुरतो. २२ ते २६ मध्ये नीट बसणारा ५ चा आणि हूड. अठराच्या खाली ७ चा, हातमोजे-बूट-हूडसकट. बाराच्या खाली गेलात तर ड्रायसूट आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण. वय, अंगावरची चरबी, फेऱ्यांची संख्या यांप्रमाणे एक पायरी वर-खाली करा. पन्नाशीच्या माजी सैनिकाने पंचविशीच्या पोराकडे बघून सूट निवडू नये, यात कमीपणा काही नाही.

आणि मग शिसं मोजून बांधा. सिलिंडर जवळपास रिकामा असताना, साधारण ५० बारवर, जॅकेटमधली सगळी हवा काढा, श्वास अर्धा धरा आणि स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला असेल आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली जात असाल तर शिसं बरोबर. भरलेल्या सिलिंडरने तपासणार असाल तर वर दोन किलो धरा, कारण फेरीत तेवढ्या वजनाची हवा तुम्ही श्वासावाटे सोडून देता. सूट बदलला, पाणी बदललं, सिलिंडर ॲल्युमिनियमचा जाऊन स्टीलचा आला की पुन्हा तपासा. डायव्हिंगच्या प्राणघातक अपघातांच्या तपासण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे. मृत माणसाच्या कमरेचा शिशाचा पट्टा तसाच बांधलेला असतो. पट्टा सोडता येतो हे त्याला शिकवलेलं होतं. म्हणून मी म्हणतो, ऊब मिळवण्याचा जो मार्ग शिसं कमी ठेवतो तो आधी वापरा.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. सगळ्यांनाच न तरंगणारा सूट नको असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा फौजेच्या तुकड्या बोटी घेऊन गेल्या होत्या. अशा कामात बहुतेक माणसं पाण्याच्या वरच असतात, तासन् तास ओली. बोट चालवणारा, दोरी धरणारा, छपरावरून माणसं उतरवणारा, यांच्यासाठी जाड सूटचं तरंगणं हा बोनस आहे. लाइफ जॅकेट तर घालायचंच, वर सूटही उचलून धरतो. न तरंगण्याची चिंता फक्त खाली जाणाऱ्याची. एकाच पथकात दोन प्रकारचे सूट लागतात, आणि यादीत दोन वेगळ्या ओळी लागतात.

इथे माझं खरं गाऱ्हाणं येतं, आणि ते कुणा एका कार्यालयाविरुद्ध नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीविरुद्ध आहे. आपण सूट विकत घेतो ते ताडपत्रीसारखे. वीस नग, ५ मिलीमीटर, मीडियम आणि लार्ज, सगळ्यात स्वस्त कोण देतो? मग साडेपाच फुटी सडपातळ जवान लार्जमध्ये पोहतो, सूटच्या आत अर्धी बादली पाणी घेऊन. तो गारठतो, पुढच्या वर्षी अहवाल जातो की ५ पुरत नाही, ७ द्या. ७ चे येतात, पुन्हा सैल, आणि कमरेचं शिसं तेवढं वाढतं. २०२२ पासून एनडीएत मुली दाखल होऊ लागल्या, पुढे त्याही पाण्यात उतरतील. पुरुषांच्या मापाचा सूट त्यांना कमरेत सैल आणि खांद्यात ढगळ होणार, आणि जाडीने तो प्रश्न सुटणार नाही.

माझी सूचना साधी आहे. मागणीपत्रात जाडीच्या आधी मापं लिहा, प्रत्येक माणसाची उंची, छाती, कंबर, वजन. सूट माणसाच्या नावावर द्या, जसे बूट देतो. प्रत्येक सूटबरोबर हूड सक्तीचा करा. बोटीवरच्या आणि खाली जाणाऱ्या माणसांसाठी वेगळी ओळ ठेवा. सूट आल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्यांची शिशाची तपासणी करा, आकडा रजिस्टरात लिहा, पाणी कुठलं तेही लिहा. वर्षातून एकदा पुन्हा मोजा. शिसं दोन किलोंनी कमी लागू लागलं आणि माणूस तोच असेल, तर सूट मेला, नवा मागा. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. लागते ती मोजपट्टी आणि एक दुपार.

पाण्यात थंडी आधी बोटांची पकड घालवते, मग डोक्यातला विचार मंद करते. पट्टा सोडायचा की जॅकेट फुगवायचं हे ठरवायला ज्या दोन गोष्टी लागतात, त्याच ती आधी नेते. म्हणून ऊब ही चैन नाही आणि शिसं हा मर्दपणा नाही. सामानाची यादी करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं, तर खाली उतरणाऱ्याचं अर्धं काम काठावरच झालेलं असेल.

जय हिंद.